कठड्यातलं झाड

काकांनी माझ्यादेखत एकदाच कुणाचं कौतुक केलं. ते माझं, आणि तेही मी एका दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याचा सत्यानाश करून त्यांच्यापुढे ठेवल्यावर. "बरं केलंस," म्हणाले. नऊ वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले. त्यांनी कधी चहासुद्धा चांगला झालाय म्हणून सांगितलं नव्हतं.

आमचं ऑफिस ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जुन्या नाण्यांचे लिलाव करतो आम्ही. मी फोटो काढायचे. नाण्याची ही बाजू, ती बाजू, मग कड. काका कॅटलॉगसाठी वर्णन लिहायचे आणि अंदाजे किंमत घालायचे. शेठला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, त्याला गिऱ्हाईक कळतं. काकांना दोन्ही कळायचं, आणि शिवाय तिसरंही काहीतरी कळायचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलेय. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. दुसऱ्यांची नावं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ती वाचल्यापासून मला कुणाचंच नाव कागदावर उतरवायला नको वाटतं.

ठाकुरद्वारला एका चाळीत एकटेच राहायचे. उंच, जरा पोक आलेले, आणि मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. सकाळी आले की आधी हात बेसन लावून धुवायचे. मग पेपर उघडून निधनवार्तांच्या पानावर फूटपट्टी ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायची. क्रिकेट नाही, राजकारण नाही. एखाद्या नावाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली की मला कळायचं, दोन-तीन महिन्यांत कुठून तरी नाण्यांचे डबे येणार.

दुपारी डबा खायच्या आधी टेबलावरची सगळी नाणी उलटी करायचे. म्हणजे ज्यांच्यावर राजाचं तोंड आहे ती. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर असतं तसं, नखाएवढं तोंड, टपोरे डोळे, मिशा. मग स्वतः भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, "काका, हे काय?"

"आपण खाताना त्यांनी बघू नये," म्हणाले. "त्यांना काही मिळत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कुठल्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरी लागलीय आपल्याला. पण महिन्याभराने मीच त्यांच्या आधी नाणी उलटी करायला लागले, आणि का करतेय ते स्वतःला विचारायचं टाळलं.

शिकवलं मात्र त्यांनी भरपूर. शिकवताना माणूस बदलायचा. एकदा त्यांनी माझ्यापुढे दोन नाणी ठेवली. एकाच राजाची, एकाच वजनाची, एकाच साच्यातली म्हणावीत अशी. "यातलं एक पाचशेला जाणार नाही आणि एकासाठी हॉलमध्ये मारामारी होईल. कुठलं?" मी अर्थातच चकचकीत असलेलं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेऊन टेबलावर टाकलं. "हे मेलेलं आहे. कुणीतरी घासलंय. जमिनीत हजार-दोन हजार वर्षं राहून नाण्यावर काळी, हिरवी कातडी चढते. तीच त्याची खूण. ती सोलली की राहिलं काय? धातू. धातू भंगारवालाही घेतो."

किंमत म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं. नाणं किती जुनं आहे यावर काही नसतं, हजारो वर्षं जुनी नाणी वडापावच्या पैशात मिळतात. किती उरलीत यावर असतं, कुठल्या चांगल्या संग्रहातून आलंय यावर असतं. कुठल्या तरी गावात नांगराला मडकं लागलं आणि त्यात तसलीच चारशे नाणी निघाली की एका रात्रीत भाव कोसळतो. आणि शेवटी सगळं येऊन अडतं हॉलमध्ये बसलेल्या दोन माणसांवर. "एकालाच हवं असेल तर ते राखीव किमतीलाच जातं. दोघांना हवं असेल आणि दोघांचं एकमेकांशी जमत नसेल, तर वाट्टेल ते होतं. मी जो अंदाज लिहितो ना, तो नाण्याचा नसतो, त्या दोघांच्या खुन्नसचा असतो."

मी हसले होते. ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पण पहिली गोष्ट वेगळीच. खरा संग्राहक जिवंतपणी विकत नाही. नाणं हॉलमध्ये यायला आधी कुणीतरी जावं लागतं." त्यांच्याकडे स्वतःचं एकही नाणं नव्हतं. दर दिवाळीला शेठ सगळ्यांना लक्ष्मीचं चांदीचं नाणं देतो. काका ते तिथल्या तिथे शिपायाच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे काही नसलेलं बरं."

घासलेल्या नाण्यांची तर ऑफिसात रांग लागायची. दिवाळी झाली की सुरूच. आपल्या लोकांची ही एक तऱ्हाच आहे. देव्हाऱ्यात आजोबांच्या वेळची चार नाणी असतात, लक्ष्मीपूजनाला ती काढायची, भांड्यांसारखी चिंचेने घासायची, दुधाने धुवायची, हळदकुंकू वाहायचं. पन्नास वर्षं अशी भक्ती केल्यावर एक दिवस पेपरात लिलावाची जाहिरात दिसते आणि मग घेऊन येतात, लखलखीत, गुळगुळीत, वर काही म्हणता काही न उरलेली. काका ती हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. लांबूनच म्हणायचे, "मारलीत. घेऊन जा."

प्रभादेवीच्या एक आजी आल्या होत्या, नातवासोबत. नातू तावातावाने भांडत होता, आजी कानकोंड्या झालेल्या. खूप आजारी दिसत होत्या, जिना चढताना दोनदा बसल्या म्हणे. काकांनी त्यांची घासलेली नाणी रुमालात बांधून परत दिली आणि त्यांच्यापुढे वाकून म्हणाले, "आजी, ही कधीच विकली जायची नाहीत. काळजी करू नका." नातू शिव्या घालत गेला. मलाही राग आला होता, कारण हे कसलं सांत्वन? पण आजी जाताना मागे वळून त्यांना नमस्कार करून गेल्या. त्यांना काय समजलं होतं कोण जाणे.

आता कार्डांबद्दल. काकांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. प्रत्येक नाण्याचं वर्णन ते आधी कार्डावर लिहायचे, आणि कार्डं म्हणजे लग्नपत्रिका कापून केलेले तुकडे. ऑफिसात, चाळीत, कुणाचीही पत्रिका आली की ती काकांकडे. लग्नाला हा माणूस कधी गेला नाही. पुढच्या बाजूला गणपती, सोनेरी वेलबुट्टी, आमच्या येथे श्रीकृपेकरून, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या शाईने वजन, धातू, चिन्हं, अवस्था, अंदाज. सगळ्यात खाली दोन ओळी. संग्रह अमुक यांचा. आणणार अमुक. पहिल्या ओळीत नाण्याच्या मालकाचं नाव, दुसऱ्या ओळीत ते आमच्याकडे जो घेऊन येणार त्याचं. मालक गेल्यावर बायको, मुलगा, पुतण्या, जो कोण येईल तो.

यात विचित्र काही नाही. विचित्र हे, की काका ती कार्डं मालक हयात असतानाच लिहायचे.

दादरच्या हिंदू कॉलनीत एक डॉक्टर होते, नाण्यांचे वेडे. साठीचे, ठणठणीत, रोज सकाळी शिवाजी पार्कला पाच चकरा मारणारे. त्यांनीच आम्हाला बोलावलं, नुसतं दाखवायला. मी कॅमेरा घेऊन गेले होते. चार तास त्यांनी कपाटं उघडून एकेक खण बाहेर काढला. मुलगा त्याच घरात राहायचा, तो चहा घेऊन आला. दुसऱ्या कुणाचा विषयही निघाला नाही. परत येताना टॅक्सीत काका म्हणाले, "सगळी दाखवली गं त्यांनी. ज्याला अजून वेळ असतो तो एखादं तरी मागे ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डं लिहिली. मी टेबलाजवळून जाताना सहज वाचलं. संग्रह डॉक्टरांचा. आणणार, आणि पुढे एका बाईचं नाव. मला वाटलं सून असेल.

सहा आठवड्यांनी डॉक्टर सकाळी पार्कातच पडले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी बडोद्याहून आली, भावाशी काय वाजलं होतं माहीत नाही, पण नाणी तीच घेऊन आमच्याकडे आली. तिने फॉर्मवर सही केली आणि मी ती दोनदा वाचली. तेच नाव.

मी काकांना गाठलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला काही कळत नाही."

"मग लिहिलं कसं?"

ते भिंग पुसत बसले. "वर्णन लिहून झालं की हात तिथे थांबत नाही. मी थांबवून बघितलाय. रात्रभर दुखतो."

आता हे मी ऐकून घेतलं याचीच मला लाज वाटते. मी डिलाईल रोडच्या चाळीतली. आमच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्ध, आणि अंगारे-धुपारे, नवस, दृष्ट असलं काहीही चालत नाही. लिंबू फक्त वरणावर पिळायला. पप्पा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वॉचमन झाले, पण वस्तीत कुणाच्या अंगात आलं की हातातलं काम टाकून तिथे जाऊन वाद घालायचे. "पुरावा दाखव," हे त्यांचं वाक्य. मी लहानपणी बागुलबुवाला घाबरले तर मला कानाला धरून काळोख्या मोरीत उभं केलं होतं आणि विचारलं होतं, "कुठाय? दाखव मला." अशा माणसाची मुलगी मी.

पप्पांकडे एक नाणं होतं. कराडकडच्या आमच्या गावी विहीर खोदताना त्यांच्या वडिलांना सापडलेलं. तांब्याचं, काळंशार, कडेला हिरवट झाक. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चौकोनी कठडा आणि त्यात उभं झाड. आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात, आणि रोज संध्याकाळी पप्पा ते डबीतून काढून बातम्या बघता बघता अंगठ्याने झाडावरून फिरवत बसायचे. "बोधिवृक्ष आहे. आपल्या जमिनीत होता बघ," म्हणायचे. हे मी एकदा ऑफिसात बोलून गेले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी काका दारात उभे. न सांगता, न विचारता, खिशात भिंग घेऊन. पप्पा एकदम खूश. मुलीचे साहेब घरी आले म्हणून शेजारून खुर्ची आणली. काकांनी नाणं कडेने धरून उजेडात नेलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

"बोधिवृक्षच ना?" पप्पांनी विचारलं.

"कठड्यातलं झाड आहे. कुठलं झाड ते नाण्यावर लिहिलेलं नाही."

"दुसरं कशाला कुणी कठडा घालेल, साहेब?"

"तेही बरोबर आहे," काका म्हणाले. काकांनी कुणाचं म्हणणं मान्य केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी हत्तीच्या वरची अक्षरं दाखवली. "हे ज्याचं नाव आहे, त्याची नाणी फार थोडी आहेत. अशी कातडी असलेलं तर मी एकच पाहिलंय. याच्यासाठी किमान तिघं एकमेकांच्या उरावर बसतील. आणखी आहेत?"

"एवढंच एक. आणि हेपण माझं नाही आता," पप्पा हसले. "हिला देऊन टाकलंय. माझं काय, पिकलं पान. तिने विकावं, ठेवावं, काय वाटेल ते करावं."

मला हे नवीन होतं. मी काही बोलणार तेवढ्यात काका म्हणाले, "नक्की? दिलंत हिला?"

"दिलं म्हणजे दिलं."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. भिंग अजून डोळ्यालाच होतं. नंतर चहाला नको म्हणून ते उठले, आणि जिन्यात त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलेलं मी वरून पाहिलं.

मंगळवारी ते शिपायाला घेऊन बँकेच्या लॉकरला गेले आणि मी त्यांचा खण उघडला. सगळ्यात वरचंच कार्ड. तांबं. हत्ती, वर अक्षरं. मागे कठड्यातलं झाड. उत्तम काळी-हिरवी कातडी. आणि अगदी तळाशी, शेवटच्या ओळीत, पप्पांचं नाव. जिन्यावर पावलं वाजली तसा मी खण धाडकन बंद केला. पप्पांना तेव्हा खोकला होता, आठवडाभर जात नव्हता. मलाही त्या दिवसांत रोज संध्याकाळी कणकण यायची, पण ती दगदगीने असेल म्हणून मी गोळी खाऊन कामाला लागायचे. माझं सगळं लक्ष त्या खोकल्याकडे. ते खोकले की मी स्वयंपाक सोडून बाहेर यायचे.

चार दिवस काढले. मग राहवेना. सरळ म्हटलं, "काका, आमचं कार्ड फाडा."

खण कुणी उघडला हे त्यांनी विचारलं नाही. "फाडून काही होत नाही. एकदा फाडलं होतं." कुणाचं ते सांगितलं नाही. मी रडायला लागले, ऑफिसात, सगळ्यांसमोर. ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी ओठांवर आलंय आणि सांगवत नाही असे. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "प्रभादेवीच्या आजी आठवतात? परवा फोन आला होता त्यांचा. जिना चढतात म्हणे आता."

एवढंच. मला कळायला रविवार उजाडला.

दुपारी पप्पा झोपले होते. मी वाटीत चिंच भिजवली, मीठ घेतलं, काथ्या घेतला आणि मोरीत बसले. घासताना एकच विचार होता, की हे काय करतेस, शिकलेली आहेस ना तू? पुरावा कुठाय? पण हात चालूच होता. आधी हिरवं गेलं, मग काळं, आणि खालून नवजात पोराच्या अंगासारखं लालसर तांबं निघालं. मी तरीही घासत राहिले. अक्षरं गेली. हत्तीची सोंड गेली. झाडाच्या फांद्या बोथट झाल्या, कठडा तेवढा राहिला. मागे चाहूल लागली म्हणून बघितलं तर पप्पा मोरीच्या दाराशी.

"काय केलंस हे?"

"घाण दिसत होतं." दुसरं काय सांगणार होते? तुमचा जीव वाचवतेय म्हणून? त्यांनी हयातभर ज्याच्याशी भांडण केलं ते मी त्यांच्याच मोरीत बसून करत होते.

"घाण?" पप्पांनी नाणं हातात घेतलं. अंगठा झाडावर ठेवला, फिरवला, आणि काढून घेतला. "मला विचारायचं तरी होतंस गं." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते डबीत टाकलं, डबी कपाटात, आणि पुढे दोन महिने काढली नाही. संध्याकाळी बातम्या लावून बसायचे आणि रिकामाच अंगठा बोटावर फिरवत राहायचे. मला ते बघवायचं नाही, मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे.

दुसऱ्या दिवशी नाणं त्यांच्या नकळत ऑफिसात नेलं होतं. काकांनी भिंग लावलं. मला वाटलं आता म्हणतील, मारलंस. त्यांनी खण उघडून कार्ड काढलं, माझ्याकडे पाठ करून त्यावर आडवं काहीतरी लिहिलं आणि परत आत ठेवलं. शाईचं पेन बंद केलं. तेव्हाच म्हणाले ते, "बरं केलंस."

पप्पांचा खोकला त्याच आठवड्यात गेला. साधा खोकला होता, जायचाच होता. माझी कणकणही गेली. तिचं मला काही वाटलंही नाही.

मग दिवाळी. शेठने नेहमीप्रमाणे लक्ष्मीची नाणी वाटली. शिपाई सवयीने काकांसमोर हात पुढे करून उभा राहिला, तर काकांनी ते नाणं दोनदा उलटसुलट बघून शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरचं बटण लावलं. "काका, या वर्षी काय?" शिपाई हसून म्हणाला. "राहू दे. एक असावं आपल्याकडे," ते म्हणाले. जमलेले सगळे हसले, मीही हसले. मी का हसले, याचा विचार मी आता करते.

तीन आठवड्यांनी, दुपारी जेवायच्या वेळी, ते नाणी उलटी करता करता थांबले. मी बघितलं तर भिंग डोळ्याला तसंच, मान जराशी खाली. टेबलावर अर्धे राजे पालथे होते आणि अर्धे वर बघत होते. मी आधी उरलेले उलटे केले, मग आरडाओरडा केला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अंत्यसंस्काराला चाळीतली दहा माणसं आणि आम्ही. पंधरा दिवसांनी कांदिवलीहून एक पुतण्या आला. खोलीत काही नव्हतं म्हणाला, हे एवढं खिशात सापडलं, याचं काही येईल का? दिवाळीचंच नाणं. मी त्याला वजनाचा भाव सांगितला आणि त्याचं नाव विचारलं नाही.

शेठने काकांचं टेबल मला दिलं. खण मी चार दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा भर दुपार होती, बाहेर गल्लीत हिऱ्यांच्या दलालांचा गोंगाट चालू होता. आमचं कार्ड वरच होतं. त्यावर आडवं लिहिलेलं, घासलेलं, घेऊ नये. आणि खाली त्या दोन ओळी, ज्यातलं मी तेव्हा घाईघाईत फक्त शेवटचं नाव पाहिलं होतं.

संग्रह, आणि पुढे माझं नाव.

आणणार, आणि पुढे पप्पांचं.

मी ते किती वेळा वाचलं सांगता येत नाही. नाणं पप्पांनी मला दिलं होतं. मालकीण मी. मी गेल्यावर ते घेऊन आमच्या ऑफिसचा जिना चढून येणार होते पप्पा. माझ्या डोळ्यांसमोर ते एकदम उभे राहिले, डबी हातात, वॉचमनच्या सवयीने दारातच थांबलेले. आणि काका जिन्यात कठडा का धरून उतरले होते ते मला तेव्हा समजलं. मी ओक्साबोक्शी रडले. घरी फोन लावला.

"काय गं?" पप्पा.

"काही नाही. जेवलात का?"

"कधीचाच. तू जेवलीस?"

संध्याकाळी कार्ड त्यांच्या हातात दिलं. सगळं सांगितलं, डॉक्टरांपासून चिंचेपर्यंत. म्हटलं, बोला आता काय बोलायचं ते, कान धरा, मोरीत उभी करा. पप्पांनी चष्मा लावला. कार्ड उलटलं, पुढची लग्नपत्रिका बघितली, परत मागची बाजू वाचली. "खुळचटपणा आहे हा सगळा," म्हणाले. "म्हातारा एकटा राहून भ्रमिष्ट झाला होता. पुरावा काय याला?" आवाज नेहमीसारखाच ठाम होता. पण कपाटातून डबी काढून त्यांनी नाणं हातात घेतलं आणि त्या दिवसापासून परत अंगठा फिरवायला लागले.

माणसाच्या हातात राहिलं की तांबं पुन्हा रंग धरतं. चार-सहा महिन्यांत ते तपकिरी झालं, कठड्याच्या कोपऱ्यांत काळं दिसू लागलं. मी रोज बघत होते आणि बोलत नव्हते. कुठल्या तोंडाने बोलणार?

एक दिवस पप्पा लालबागच्या मार्केटमधून आले आणि पिशवीतून अर्धा किलो चिंच काढून ओट्यावर ठेवली. आमच्या घरात वर्षाला पावभर लागत नाही. त्यांनी वाटीत पाणी घेतलं, थोडी चिंच कुस्करली, काथ्या आणला, मोरीत माझ्यासाठी पाट मांडला आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं.

"काळं पडलंय," म्हणाले. "घास."

आता वर्षातून दोनदा असं होतं. पप्पा चिंच आणतात, मी घासते, आणि ते नाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत बसतात.